विज्ञानलेखन व संदर्भपरीक्षण

निरीक्षण, प्रयोग वा गणित यांच्याद्वारे मिळालेले ज्ञान इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने मांडणे म्हणजे विज्ञानलेखन होय. असे लेखन करताना पूर्वीच्या ज्या लेखनाचा आधार घेतलेला असतो, त्याचा नेमका निर्देश करणे यास संदर्भ देणे आणि तो आधार कितपत विश्वसनीय आहे हे तपासणे यास संदर्भपरीक्षण असे म्हणतात. या तिन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. विज्ञानात एखाद्या विधानाचे मूल्य ते करणाऱ्याच्या अधिकारावरून ठरत नाही. ते विधान ज्या मूळ निरीक्षणापर्यंत मागे नेता येते, त्यावरून ते ठरते. संदर्भ हा त्या निरीक्षणापर्यंत जाण्याचा मार्ग होय. हा मार्ग मध्येच तुटला, तर खरे विधानही ऐकीव ठरते आणि विधान खोटे असल्यास ते तसे आहे हे कळण्याचे साधन उरत नाही.

महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्याशी हेलियम या मूलद्रव्याच्या शोधाची जी कथा जोडली गेली आहे, ती या विषयाचे एक बोधप्रद उदाहरण आहे. ही कथा वृत्तपत्रे, पर्यटनपुस्तिका आणि भाषणे यांतून वारंवार सांगितली जाते. तथापि मूळ नोंदींशी ताडून पाहिल्यास तिचा काही भाग खरा व काही भाग चुकीचा असल्याचे दिसून येते. प्रस्तुत नोंदीत या उदाहरणाच्या आधारे विज्ञानलेखनाची व संदर्भपरीक्षणाची तत्त्वे स्पष्ट केली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सतराव्या शतकापर्यंत यूरोपातील विद्वान आपले शोध खाजगी पत्रांतून किंवा ग्रंथांतून प्रसिद्ध करीत. १६६५ साली पॅरिस येथे झुर्नाल दे सावां आणि लंडन येथे फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स ही नियतकालिके सुरू झाली. यांपैकी दुसरे लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी सुरू केले होते. शोध कोणी व केव्हा लावला याची दिनांकित नोंद होणे आणि तो सर्वांना तपासता येणे, हे दोन हेतू या नियतकालिकांमुळे साध्य झाले. कोणाच्याही केवळ शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, अशा आशयाचे ब्रीदवाक्य रॉयल सोसायटीने स्वीकारले होते. पुढे लेख छापण्यापूर्वी तो त्या विषयातील जाणकारांकडून तपासून घेण्याची, म्हणजे तज्ज्ञपरीक्षणाची, प्रथा हळूहळू रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती सार्वत्रिक झाली. कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणकोणत्या लेखांत घेतला गेला हे दाखविणारी सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात शास्त्रीय साहित्य शोधून ते संशोधकांना पुरविण्यासाठी ‘इन्सडॉक’ ही संस्था दिल्ली येथे १९५२ मध्ये स्थापन झाली होती. २००२ मध्ये ती दुसऱ्या संस्थेत विलीन करण्यात आली.

साधनांचे प्रकार : विज्ञानलेखनासाठी वापरली जाणारी साधने सामान्यतः तीन प्रकारची मानतात. ज्याने प्रत्यक्ष निरीक्षण वा प्रयोग केला त्याने स्वतः लिहिलेली नोंदवही, पत्र, अहवाल किंवा शोधनिबंध हे प्राथमिक साधन होय. अशा अनेक साधनांचा परामर्श घेऊन लिहिलेला समीक्षालेख किंवा इतिहासग्रंथ हे दुय्यम साधन होय. पाठ्यपुस्तके, कोश, वृत्तपत्रांतील लेख, माहितीपुस्तिका व माहितीफलक यांचा समावेश तिसऱ्या प्रकारात होतो. हे वर्गीकरण साधनाच्या प्रतिष्ठेवर आधारलेले नसून मूळ घटनेपासून असलेल्या त्याच्या अंतरावर आधारलेले आहे. प्राथमिक साधनही चुकू शकते. निरीक्षकाचे उपकरण सदोष असू शकते किंवा त्याने आपल्या निरीक्षणाचा चुकीचा अर्थ लावलेला असू शकतो. उलटपक्षी, चांगला कोश अनेक प्राथमिक साधने ताडून लिहिलेला असतो. तथापि कोशातील विधानाबद्दल शंका आल्यास तिचे निरसन कोशात होत नाही. त्यासाठी मूळ साधनाकडेच जावे लागते.

एकच साधन एका प्रश्नासाठी प्राथमिक आणि दुसऱ्यासाठी दुय्यम असू शकते. उदा., विसाव्या शतकातील एखाद्या प्रवासवर्णनात किल्ल्यावरील ओट्यांचे वर्णन असेल, तर ते ओट्यांच्या तत्कालीन स्थितीविषयीचे प्राथमिक साधन ठरेल. परंतु ते ओटे कोणी व कशासाठी बांधले याविषयी त्यात असलेला मजकूर लेखकाने इतरांकडून ऐकलेला असल्याने दुय्यम ठरेल.

विजयदुर्ग आणि हेलियम : विजयदुर्ग किल्ल्यात काही ओटे असून ते ‘साहेबाचे ओटे’ किंवा ‘साहेबाचा कट्टा’ या नावाने ओळखले जातात. जोसेफ नॉर्मन लॉक्यर (१८३६–१९२०) या इंग्रज ज्योतिर्विदांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी येथून खग्रास सूर्यग्रहणाचा वेध घेतला व त्या वेळी त्यांना हेलियमचा शोध लागला, अशी समजूत प्रचलित आहे. अलीकडच्या काळात १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियम दिन म्हणून साजराही केला जातो. या विधानात व्यक्ती, स्थळ, दिनांक व शोध असे चार घटक आहेत. संदर्भपरीक्षणाची पहिली पायरी म्हणजे असे संयुक्त विधान सुटे करून प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र पुरावा शोधणे ही होय.

दिनांकाचा विचार करता, १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले होते यात शंका नाही. त्याचा खग्रास पट्टा एडनकडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन विजापूर, गुंतूर, मछलीपट्टनम या बाजूने पुढे सयामकडे गेला. विजयदुर्गाचा परिसरही या पट्ट्यात येत होता. भारतात खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणार असल्याने अनेक वेधपथके येथे आली होती. जॉन हर्शेल जमखंडी येथे, जे. एफ्. टेनंट आणि फ्रेंच ज्योतिर्विद झ्यूल झांसेन (१८२४–१९०७) गुंतूर येथे, तर मद्रास वेधशाळेचे नॉर्मन रॉबर्ट पॉगसन (१८२९–९१) मछलीपट्टनम येथे होते. ऑगस्टमध्ये कोकण किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर असतो. पावसाळ्यात वेधासाठी किनाऱ्याची निवड होणे स्वभावतःच असंभाव्य वाटते. जमखंडीसारख्या घाटापलीकडील कमी पावसाच्या ठिकाणीही हर्शेल यांना ढगांचा अडथळा झाला होता. असंभाव्यता हा स्वतंत्र पुरावा नव्हे. मात्र विधान अधिक काळजीपूर्वक तपासले पाहिजे, एवढी सूचना तीवरून मिळते.

व्यक्तीचा विचार करता निर्णायक पुरावा मिळतो. १८६८ साली लॉक्यर लंडन येथे युद्धखात्यात कारकून होते व फावल्या वेळात खगोलीय वेध घेत असत. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहता येईल, अशी सूचना त्यांनी १८६६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. त्यासाठी लागणारा वर्णपटदर्शक त्यांच्या हाती १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, त्यांना ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. हा वृत्तांत त्यांनी स्वतः त्याच महिन्यात रॉयल सोसायटीस कळविला. झांसेन यांनीही गुंतूर येथे ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी ही पद्धत स्वतंत्रपणे वापरली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली आणि पुढे फ्रेंच शासनाने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. लॉक्यर यांच्या कार्याचे वैशिष्ट्यच असे की, त्यांना ग्रहणाची वाट पाहावी लागली नाही. त्यामुळे १८६८ मध्ये ते ग्रहण पाहण्यासाठी विजयदुर्गास आले होते हे म्हणणे मूळ नोंदींशी विसंगत आहे. त्यांची पहिली ग्रहणमोहीम १८७० साली सिसिली बेटावर गेली. डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी ते भारतात आले, पण तेव्हा त्यांनी केरळमधील बेकल येथील किल्ल्यावरून वेध घेतले.

मग ‘साहेबाचे ओटे’ या नावामागे काही तथ्य आहे काय? ते निश्चितच आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता. या ग्रहणासाठी लॉक्यर आपल्या साहाय्यकांसह विजयदुर्गास आले आणि ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी तेथे मोठे वेधशिबिर उभारले. भिंगापुढे लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णगोलाचे वर्णपट घेणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा मुख्य भाग होता. या मोहिमेचा प्राथमिक वृत्तांत रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर (जि. सोलापूर) येथून घेतले व त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी महिना, निरभ्र आकाश, समुद्रमार्गे उपकरणे उतरविण्याची सोय आणि साहाय्यास युद्धनौका, या सर्व गोष्टी विजयदुर्गाच्या निवडीशी जुळतात. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लोकस्मृतीत एक झाल्या असाव्यात, असे अनुमान यावरून करता येते.

शोधाचा विचार करता आणखी एक सर्वमान्य समजूत तपासावी लागते. हेलियमचा शोध १८६८ च्या ग्रहणात झांसेन यांनी लावला, असे अनेक पाठ्यपुस्तकांत म्हटलेले असते. त्या ग्रहणात एक पिवळी रेषा अनेकांना दिसली होती. सोडियमच्या वर्णपटात पिवळ्या भागात ५८९६ व ५८९० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या दोन निकटवर्ती रेषा असून त्यांना डी१ व डी२ म्हणतात. हर्शेल यांनी ग्रहणातील पिवळी रेषा डी रेषेशी जुळत असल्याचे नोंदविले. सयाममधून वेध घेणाऱ्या जॉर्ज रेये यांनीही तिला डी मानले. पॉगसन यांनी मात्र ती रेषा डी येथे किंवा तिच्या जवळपास असल्याचे लिहून निश्चित विधान टाळले. झांसेन यांनी नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा केला नव्हता. ज्वाला वायुरूप असून त्यांत मुख्यत्वे हायड्रोजन आहे, हा त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होता. ही रेषा सोडियमच्या रेषांहून निराळी आहे, हे लॉक्यर यांच्या ऑक्टोबर १८६८ नंतरच्या मोजमापांवरून स्पष्ट झाले. तिची तरंगलांबी सु. ५८७६ अँगस्ट्रॉम असून तिला डी३ असे नाव मिळाले. लॉक्यर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड (१८२५–९९) यांनी प्रयोगशाळेत ही रेषा मिळविण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना यश आले नाही. त्यांनी सुचविलेल्या ‘हेलियम’ या नावाचा जाहीर उल्लेख १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरो येथील अधिवेशनात विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या अध्यक्षीय भाषणात आढळतो. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅम्झी (१८५२–१९१६) यांना मार्च १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून मिळाला. त्यानंतरच त्याच्या अस्तित्वाविषयीची शंका दूर झाली [⟶ हेलियम].

यावरून असे दिसते की, हेलियमच्या शोधास एकच दिनांक व एकच स्थळ नाही. १८६८ मध्ये रेषा दिसली, त्याच वर्षाच्या अखेरीस ती वेगळी असल्याचे ओळखले गेले, १८७१ पर्यंत तिला कारणीभूत असणाऱ्या द्रव्यास नाव मिळाले आणि १८९५ मध्ये ते द्रव्य हाती आले. या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे साधन उद्धृत करावे लागते. लॉक्यर विजयदुर्गास आले तेव्हा हेलियम प्रयोगशाळेत मिळून जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

साधनांची पारख : वरील विवेचनात वापरलेले निकष कोणत्याही साधनास लावता येतात. लेखक कोण आहे व त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळण्याची संधी होती काय. त्याने ती केव्हा लिहिली. त्याने आपल्या विधानाचा आधार दिला आहे काय. तो आधार मुळात तसेच सांगतो काय. विधान इतर स्वतंत्र साधनांशी जुळते काय. आणि ते खरे ठरण्यात लेखकाचा काही हितसंबंध वा अभिमान गुंतला आहे काय, हे सहा प्रश्न विशेष महत्त्वाचे होत. यांतील ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच मूळ लेखावरून उतरविलेले वीस लेख हे वीस साक्षीदार नसून एकच साक्षीदार होय. विजयदुर्गाविषयीची प्रचलित कथा असंख्य ठिकाणी आढळते. पण त्यांपैकी समकालीन नोंदीचा निर्देश करणारे लेखन शोधू गेल्यास कथेची पुनरुक्तीच हाती येते.

या निकषांची भारतीय विद्येच्या क्षेत्रातील पद्धतशीर मांडणी करणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म याच किनाऱ्यावरील मालवण येथे झाला. चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर त्यांनी १८८८ मध्ये व्याख्यान दिले होते. प्राचीन भारताच्या इतिहासावरील आपल्या निबंधातही त्यांनी संशोधकाची वृत्ती कशी असावी याचे विवेचन केले आहे. संशोधकाने समोरच्या साधनांत आपल्या देशाचा वा वंशाचा गौरव शोधू नये, तसाच त्यांविषयी आकसही बाळगू नये. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी किंवा समकालीन होता की नाही आणि तो सांगतो ती गोष्ट संभवनीय आहे की नाही हे पाहून निर्णय करावा, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. शिलालेख, ताम्रपट व हस्तलिखिते यांच्यासाठी सांगितलेला हा नियम वैज्ञानिक साधनांनाही तंतोतंत लागू पडतो. विजयदुर्गाच्या बाबतीत स्थानिक अभिमानामुळे कथा टिकून राहिली असली, तरी ती दुरुस्त केल्याने त्या स्थानाचे महत्त्व कमी होत नाही. हेलियमचे नाव सुचविणाऱ्या शास्त्रज्ञाने १८९८ साली येथे शिबिर उभारले, ही नोंदींनी सिद्ध होणारी गोष्ट स्वतःच उल्लेखनीय आहे.

साधने शोधताना स्थलनामे व प्रशासकीय विभाग यांतील बदल लक्षात घ्यावे लागतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत विजयदुर्गाचा उल्लेख ‘विझियाद्रुग’ असा, तर त्याहून जुन्या लेखनात ‘घेरिया’ असा येतो. मछलीपट्टनमचा उल्लेख ‘मसुलीपटम’ असा असतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीची या भागाची बहुतेक माहिती रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली शोधावी लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीचा खंड १८८० चा आहे. त्यामुळे १८९८ च्या मोहिमेची माहिती त्यात असणे शक्य नाही. साधन कोणत्या काळाविषयी बोलू शकते याची मर्यादा ओळखणे हाही पारखीचा भाग होय. काही वेळा विज्ञान स्वतःच पडताळणीचे साधन पुरविते. उदा., सूर्यग्रहण अमावास्येसच घडते आणि गतकालीन ग्रहणांचे दिनांक व पट्टे गणिताने काढता येतात. म्हणून ग्रहणाचा दिनांक देणारी कोणतीही कथा साक्षीदाराशिवायही अंशतः तपासता येते [⟶ ग्रहण].

लेखनाची रचना व भाषा : वैज्ञानिक शोधनिबंधाची प्रचलित रचना प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती व चर्चा अशी असून आरंभी सारांश व शेवटी संदर्भ देतात. काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान केले यांची सरमिसळ होऊ नये, हा या रचनेचा हेतू आहे. निष्पत्तीच्या भागात निरीक्षण येते, तर चर्चेत त्याचा अर्थ येतो. अर्थ पुढे चुकीचा ठरला तरी निरीक्षण उपयोगी राहते. १८६८ च्या ग्रहणाच्या नोंदी याची साक्ष देतात : पिवळी रेषा सोडियमची आहे हा अर्थ चुकला, पण ती दिसल्याची नोंद टिकून राहिली.

अनिश्चितता लपविणे हा विज्ञानलेखनातील मोठा दोष होय. मोजमापाची अचूकता जितकी असेल तितकेच निश्चित विधान करावे. पॉगसन यांचे रेषेच्या स्थानाविषयीचे संदिग्ध वाटणारे वाक्य वस्तुतः अधिक अचूक होते, कारण त्यांच्या उपकरणाने त्याहून अधिक सांगता येणे शक्य नव्हते. दुर्दैवाने त्यांच्या अहवालाचा प्रसार मर्यादित राहिल्याने पुढील लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच झाला. लेखन चांगले असणे पुरेसे नसून ते इतरांना उपलब्ध होणेही आवश्यक असते, हे यावरून दिसून येते.

वाक्यरचनेतील फरक पुढील उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘हेलियमचा शोध विजयदुर्ग येथे लागला’ हे विधान चुकीचे आहे. ‘हेलियमच्या शोधाशी विजयदुर्गाचा निकटचा संबंध आहे’ हे विधान संदिग्ध आहे. ते खोटे ठरविता येत नाही आणि म्हणूनच त्यातून ज्ञानही मिळत नाही. ‘हेलियमच्या अस्तित्वाचे अनुमान करणाऱ्यांपैकी एक असलेल्या लॉक्यर यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गाहून पाहिले’ हे विधान नेमके असून त्याचा प्रत्येक घटक मूळ अहवालावरून तपासता येतो. विद्यार्थ्यांनी तिसऱ्या प्रकारचे वाक्य लिहिण्याची सवय लावून घेणे इष्ट ठरते.

संज्ञा व स्थानिक नावे यांच्या बाबतीतही हीच दक्षता लागते. मालवणच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या माशांची नावे गावोगाव आणि वयोमानानुसार बदलतात. ‘देवमासा’ हा शब्द व्हेल या सस्तन प्राण्यासाठी आणि काही वेळा व्हेल शार्क या माशासाठीही वापरला जातो. देवमासा किनाऱ्यास लागल्याचे वृत्त तेवढ्यावरून शास्त्रीय नोंद म्हणून घेता येत नाही. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, ठिकाण, दिनांक, लांबी आणि ओळख कोणी पटविली हे दिल्यास तेच वृत्त उपयुक्त साधन बनते.

संदर्भ देण्याच्या पद्धती : मजकुरात संदर्भ देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष कंसात देऊन शेवटी अकारविल्हे यादी देतात. हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात या पद्धतीचा आढळ होत असल्याने तिला हार्व्हर्ड पद्धती म्हणतात. दुसरीत मजकुरातील क्रमानुसार अंक देतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे बैठक झाली, तीवरून तिचे एक प्रमाणित रूप व्हँकूव्हर पद्धती म्हणून ओळखले जाते. कोणत्याही पद्धतीत लेखक, शीर्षक, नियतकालिक वा प्रकाशक, वर्ष, खंड व पृष्ठ ही माहिती आवश्यक असते. इ. स. २००० पासून अनेक लेखांना कायम स्वरूपाचा अंकीय ओळखक्रमांक मिळू लागला असून तोही दिला जातो.

जे साधन प्रत्यक्ष वाचले असेल त्याचाच संदर्भ द्यावा, हा यातील मूलभूत नियम होय. एखाद्या ग्रंथात दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेख वाचून मूळ ग्रंथ पाहिल्याचे भासविणे अयोग्य आहे. तसे करणाऱ्याकडे पहिल्या लेखकाची चूक वारशाने येते. मूळ ग्रंथ मिळत नसल्यास तो कोणत्या ग्रंथात उद्धृत केला आहे हे स्पष्ट लिहावे. मौखिक माहितीही वर्ज्य नाही. मच्छीमार, खलाशी वा ग्रामस्थ यांच्याकडून मिळालेली माहिती स्थळ व दिनांक यांसह, त्यांच्या संमतीने नोंदविल्यास ती इतर साधनांप्रमाणेच तपासता येते. ‘साहेबाचे ओटे’ हे नाव अशाच मौखिक परंपरेने टिकले असून साहेब आल्याच्या मुद्द्यावर ती परंपरा बरोबर ठरली. चूक झाली ती वर्षाच्या व शोधाच्या बाबतीत.

गैरप्रकार : दुसऱ्याचे लेखन वा कल्पना निर्देश न करता आपल्या म्हणून मांडणे यास वाङ्मयचौर्य म्हणतात. नसलेली निरीक्षणे रचणे आणि असलेली बदलणे हे त्याहून गंभीर गैरप्रकार होत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्याचे प्रमाण १०, ४० व ६० टक्के या मर्यादांनुसार ठरवून कारवाईचे स्तर निश्चित केले आहेत. तथापि शब्दांचे साम्य यंत्राने मोजता येते, तशी आधाराची सत्यता मोजता येत नाही. शुल्क घेऊन तज्ज्ञपरीक्षणाविना लेख छापणारी नियतकालिके आणि मजकूर रचून देणारी संगणकीय साधने यांमुळे अलीकडे ही अडचण वाढली आहे. अशी साधने अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही खऱ्याप्रमाणे देऊ शकतात. म्हणून दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहणे, हाच अद्याप एकमेव खात्रीचा उपाय आहे.

मराठीतील परंपरा व शिक्षण : मराठीत विज्ञानविषयक लेखनास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरंभ झाला. दर्पण (१८३२) या पत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) हे मूळचे देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या गावचे. त्यांनी गणितासारखे विषय मराठीत आणले. साधनांच्या चिकित्सेचा आदर्श म्हणून शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथाचा निर्देश करता येईल. दीक्षितांनी सिद्धांतग्रंथ स्वतः तपासून, पंचसिद्धांतिकेत आढळणारा सूर्यसिद्धांत आणि प्रचलित सूर्यसिद्धांत यांतील भेद दाखविला व कालनिर्णय गणिताने केला. विसाव्या शतकात सृष्टिज्ञान (१९२८) हे मासिक आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनी सुबोध विज्ञानलेखनाचा प्रसार केला.

शालेय व महाविद्यालयीन शिक्षणात मात्र निबंधाच्या शेवटी पुस्तकांची यादी जोडणे म्हणजेच संदर्भ देणे, असा समज अनेकदा आढळतो. संदर्भपरीक्षण शिकविण्याचा परिणामकारक मार्ग म्हणजे परिसरातील एखादे प्रचलित विधान घेऊन ते विद्यार्थ्यांना मूळ साधनापर्यंत मागे नेण्यास सांगणे हा होय. विधानाचे घटक पाडणे, प्रत्येकाचा सर्वांत जुना आधार शोधणे, तो प्रत्यक्ष वाचणे आणि शेवटी पुराव्यास धरून विधान नव्याने लिहिणे, असा हा क्रम आहे. विजयदुर्गास सहलीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना साहेबाचे ओटे याच दृष्टीने दाखविता येतील. रॉयल सोसायटीची जुनी नियतकालिके आता संगणकाद्वारे पाहता येत असल्याने, पूर्वी मोठ्या ग्रंथालयांतच शक्य असलेली ही पडताळणी गावातील शाळेतही करता येते.